आठवड्याला दीड दिवस

२०२३ च्या सप्टेंबरात मी सांगलीहून श्टुटगार्टला ओ-पेअर म्हणून गेले. मुलं दोन, थोरला पाच वर्षांचा, धाकटी दोनची. खाली लिहिलंय ते मला त्या वर्षात कळलं, बरंचसं उशिरा.

१. घरच्यांना आधीच नीट समजावून सांगा, नाहीतर आत्या समजावते.

'ओ-पेअर' हा मुळात फ्रेंच शब्द, अर्थ 'बरोबरीनं'. परदेशी कुटुंबात राहायचं, मुलं सांभाळायची, हलकं घरकाम करायचं. त्याबदल्यात स्वतंत्र खोली, जेवण, विमा, हातखर्चाला महिना २८० युरो आणि भाषेच्या वर्गासाठी वेगळे ७०. अर्ज करताना वय सत्तावीसच्या आत हवं आणि जर्मनीत हे आयुष्यात एकदाच करता येतं. हे सगळं मी सोफ्यावर बसून घडाघडा सांगितलं. आत्या म्हणाली, "म्हणजे तिकडं जाऊन धुणीभांडी." "तिकडं भांडी मशीन धुतं," एवढंच उत्तर मला सुचलं.

२. ए-वनच्या प्रमाणपत्रावर फार विसंबू नका.

पुण्यात मॅक्सम्युलर भवनात शिकलेलं माझं जर्मन स्वच्छ, इस्त्रीचं होतं. श्टुटगार्टची बोली श्वाबी. तिथं दर शब्दामागं 'ले' लागतं, घराचं घरुकलं होतं आणि थोड्याचं थोडुकलं. पुणेरी पुस्तकावर मराठी शिकलेला माणूस थेट कागलच्या बाजारात उतरावा तशी गत. खरी शिकवणी थोरल्यानं घेतली. मराठीत तीन लिंगं असल्यामुळं आपल्याला जर्मन सोपं जाईल, असं मला वाटायचं. पण त्यांचा सूर्य बाई आहे आणि चंद्र पुरुष. मी सूर्याला 'तो' म्हटलं की तो पोरगा कपाळाला हात लावायचा.

३. तास लिहून ठेवा.

नियम आठवड्याला तीस तासांचा, दिवसाला सहाच्या वर नाही. मुलं झोपलेली असताना रात्री घरात नुसतं थांबणं, तेही कामातच धरतात. पण सुरुवातीला "पाच मिनिटं बघतेस का?" असं कुणी म्हटलं, की माझं "हो हो" आधीच तयार. शिवाय लोकाच्या घरी हाताची घडी घालून बसायची आपल्याला सवय नाही. कुणी न सांगता मी ओटा पुसायचे, टॉवेलांच्या घड्या घालायचे. एकदा मोजलं, तर आठवड्याचे चाळीस तास भरले.

मला राग आला. मग मी काय केलं, तर गप्प झाले आणि कपाटाचं दार जरा जोरात लावायला लागले. आमच्या घरी एवढं पुरतं, आई लगेच विचारते, "काय बिनसलंय?" तिथं कुणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी मुलांच्या बाबांनी पेचकस आणून त्या दाराची बिजागरी घट्ट केली.

शेवटी शब्दकोश पुढ्यात घेऊन बोलले. मुलांची आई मनापासून चकित झाली. "आधी का नाही सांगितलंस?" दुसऱ्या दिवशी फ्रिजवर आठवड्याचा तक्ता लागला. तो भरताना लक्षात आलं, की त्या जादा दहा तासांतले निम्मे मीच अंगावर घेतलेले होते.

४. फोडणी द्यायच्या आधी सगळ्यांचे कोट दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. याहून जास्त सांगत नाही.

५. जिन्याची पाळी.

श्टुटगार्टात 'केअरवोखं' नावाचा प्रकार आहे. 'केअर' म्हणजे झाडणं, 'वोखं' म्हणजे आठवडा. इमारतीतलं एकेक बिऱ्हाड पाळीनं जिना आणि समोरचा रस्ता झाडतं. पाळी ज्याची, त्याच्या दाराला पाटी लटकते. याची मुळं पंधराव्या शतकाच्या अखेरच्या नगरनियमांपर्यंत नेतात.

मुलांचे बाबा इंजिनिअर. पाटी आली की शनिवारी बादली घेऊन वरपासून खालपर्यंत जिना पुसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी धावत जाऊन बादली धरली. "हे तुझ्या तक्त्यात नाही," ते म्हणाले आणि बादली काढून घेतली. मी चहाचा मग धरून वरच्या पायरीवर अवघडून उभी. तो मग त्यांच्याच मगांच्या रांगेत असायचा, थोरल्यानं त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती.

सांगलीला आमच्याकडं नऊ वर्षं काम करणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे. कान तुटलेला, नळाशेजारच्या खिडकीत पालथा घातलेला. तो कुणी तिथं ठेवला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आता त्या जर्मन घराची आरतीच ओवाळते आहे, असं समजू नका. मला पहिल्याच दिवशी 'डू' म्हणजे 'तू' म्हणायला सांगितलं, आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारताना माझी जीभ आठवडाभर अडखळली. पण दर गुरुवारी खिडक्या पुसायला एक बाई यायच्या. त्यांच्याशी वर्षभर 'झी', म्हणजे 'तुम्ही'. त्यांना कॉफी मिळायची, पण ती उभ्यानं.

६. रविवारची तजवीज शनिवारीच करा.

दुकानं बंद. महिन्याचं एक तिकीट मिळतं, तेव्हा ४९ युरोंचं होतं, त्यात देशभरच्या साध्या गाड्या चालतात. ते काढाच, नाहीतर रविवार अंगावर येतो.

७. घरची आठवण हाताला काम देऊन काढा.

त्या वर्षी ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस आणि १२ ला लक्ष्मीपूजन. त्या दिवसांत तिथली बालवाडीतली पोरं कागदी कंदील घेऊन अंधारात गाणी म्हणत फिरतात. घोटीव कागद, गोंद, काड्या, सगळं घरात पडलेलंच होतं. मी थोरल्याला आपला आकाशकंदील करून दिला, खाली झिरमिळ्या लावून. मिरवणुकीत वाऱ्यानं झिरमिळ्या शेजारच्या पोरीच्या केसांत अडकल्या, ती रडली आणि मला तिच्या आईची माफी मागावी लागली. त्या रात्री घरी फोन करून रडायचं मी ठरवलेलं होतं, ते राहूनच गेलं.

८. परत आल्यावर लोक पगार विचारतात.

मावशींनीही विचारलं, भांडी घासता घासता. "किती देत होते गं तिकडं?"

"राहणं-खाणं त्यांचं. वर पंचवीस हजाराच्या आसपास."

"आणि सुट्टी?"

"आठवड्याला दीड दिवस. महिन्यातला एक तरी रविवार. वर्षाची चार आठवडे, पगारी."

मावशींनी नळ बंद केला. आई मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

"दीड," मावशी म्हणाल्या. "म्हणजे अर्धा कुठला, सकाळचा का दुपारचा?"