नाव आणि प्रतिमा : ईस्टमन जॉन्सनची ओजिब्वे चित्रे व ‘हायावाथा’

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाशी ड्युलूथ हे बंदर वसले आहे. तेथील सेंट लुई काउंटी हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात ईस्टमन जॉन्सन (१८२४–१९०६) या चित्रकाराने १८५६–५७ या काळात काढलेली ओजिब्वे लोकांची चित्रे आहेत. काही कोळशाने व रंगीत खडूंनी कागदावर रेखाटलेली, तर काही तैलरंगांतील आहेत. चित्रकलेच्या इतिहासात त्यांचे स्थान आहेच. परंतु मौखिक वाङ्मय लिखित साहित्यात येताना त्याचे काय होते, या प्रश्नाच्या दृष्टीनेही ती विचारात घेण्यासारखी आहेत.

जॉन्सनचे शिक्षण ड्युसेलडॉर्फ व हेग येथे झाले होते. डच चित्रकारांच्या अभ्यासातून त्याला साध्या माणसाच्या चेहऱ्यावरील छायाप्रकाशाची जाण आली. युरोपातून परतल्यावर तो विस्कॉन्सिनमधील सुपीरियर या नव्या वसाहतीत आप्तांकडे आला. आफ्रिकी व ओजिब्वे असा दुहेरी वंशवारसा असलेला स्टीफन बोंगा हा त्याचा वाटाड्या होता. ग्रँड पोर्टेज येथील वस्तीत जाऊन जॉन्सनने भूर्जसालीने मढवलेल्या झोपड्या, त्यांच्यासमोर बसलेली माणसे आणि स्वतंत्र व्यक्तिचित्रे रेखाटली.

हा काळ साधा नव्हता. १८५४ च्या ला पॉइंट येथील तहाने सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्यावरील विस्तीर्ण भूमी ओजिब्वे लोकांच्या हातून गेली होती आणि त्यांच्यासाठी राखीव क्षेत्रे आखली गेली होती. जॉन्सन ज्या वसाहतीत आला, तिचा विस्तार या घडामोडींपासून वेगळा काढता येत नाही. चित्रांमध्ये मात्र या तहाचा उल्लेख नाही.

अशा परिस्थितीत या व्यक्तिचित्रांचा एक विशेष लक्षात घेतला पाहिजे. त्यांतील अनेकांना व्यक्तींची नावे आहेत. ‘नोटीन ई गार्बोविक’ हे त्यांपैकी एक. त्याच्या आरंभी वारा या अर्थाचा ‘नूदिन’ हा ओजिब्वे शब्द ओळखू येतो. लेखन सदोष आहे, कारण ऐकणाऱ्याने इंग्रजी कानांनी ऐकून ते टिपलेले दिसते. तरीही येथे ‘एक इंडियन स्त्री’ असे सामान्यनाम नाही, विशेषनाम आहे. या विशेषनामामुळे प्रतिमा एका विशिष्ट व्यक्तीची राहते.

याच संग्रहातील एका चित्राचे नाव मात्र ‘हायावाथा’ आहे. येथे विचाराला वेगळे वळण मिळते. हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलोचे ‘हायावाथाचे गीत’ १८५५ मध्ये, म्हणजे जॉन्सनच्या प्रवासाच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. १८४६ मध्ये जॉन्सनने लाँगफेलोचे व्यक्तिचित्रही रेखाटले होते. वस्तुतः हायावाथा हे हौदेनोशौनी, म्हणजे इरोक्वाय, परंपरेतील पुरुषाचे नाव आहे. काव्यातील बऱ्याच कथा मात्र ओजिब्वे लोकांच्या नानाबोझोच्या आहेत, आणि छंद फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून घेतलेला आहे. एका परंपरेचे नाव, दुसरीच्या कथा आणि तिसरीचा छंद असा हा संयोग होय.

या कथा कवीपर्यंत पोहोचल्या त्या मुख्यतः हेन्री रो स्कूलक्राफ्टच्या लेखनातून. त्याची पत्नी जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट (१८००–१८४२) हिची आई ओजिब्वे होती. जेन स्वतः इंग्रजीत व ओजिब्वे भाषेत रचना करीत असे, आणि स्कूलक्राफ्टच्या संग्रहामागे तिच्या व तिच्या माहेरच्या मंडळींच्या कथनाचा मोठा वाटा होता. परंतु काव्याबरोबर कीर्ती लाँगफेलोला मिळाली, संग्राहक म्हणून नाव स्कूलक्राफ्टचे झाले आणि जेन दीर्घकाळ पार्श्वभूमीवरच राहिली. तिच्या लेखनाचा विस्तृत संपादित संग्रह रॉबर्ट डेल पार्कर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे फरक स्पष्ट होतो. काव्याने कथा घेतल्या, पण कथन करणाऱ्यांची नावे मागे पडली. चित्रांनी चेहरे घेतले, पण अनेक ठिकाणी नावे राखली. अर्थात नाव राखल्याने जॉन्सन सत्तेच्या संबंधाबाहेर गेला असे नव्हे. चित्रे त्याच्याकडेच राहिली. त्याच्या मृत्यूनंतर शिकागोच्या रिचर्ड टेलर क्रेनने ती विकत घेतली व ड्युलूथ शहराला दिली. संग्रहालयाच्या भिंतीवरून पाहुण्याकडे पाहणाऱ्या या व्यक्ती आज त्या प्रदेशात राहणाऱ्या ओजिब्वे लोकांच्या पूर्वज आहेत, लुप्त झालेल्या जमातीचे अवशेष नव्हेत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मौखिक वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातून एक कसोटी मिळते. संकलित कथा वाचताना ती कोणी लिहून घेतली, एवढेच विचारणे पुरेसे नाही. ती कोणी सांगितली, त्या व्यक्तीचे नाव कोठे नोंदले आहे आणि नसेल तर ते कोणत्या टप्प्यावर गळले, हेही विचारले पाहिजे. चेहरा टिकूनही नाव हरवले, तर माणूस नमुना होऊन बसतो. ‘नोटीन ई गार्बोविक’ आणि ‘हायावाथा’ ही एकाच संग्रहातील दोन शीर्षके हा भेद पुरेसा स्पष्ट करतात.