माफीचं वचन : क्रॉफर्ड प्रकरणातून एक पाठ



आपल्या घनसावंगीत मुलांना 'मामलेदार' म्हटलं तर कळत नाही, 'तहसीलदार' म्हटलं की कळतं. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात तालुक्याच्या या अधिकाऱ्याला मामलेदार म्हणत.

घटना : आर्थर क्रॉफर्ड हा त्यांचा वरिष्ठ साहेब. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच नावाचं. तो मामलेदारांकडून पैसे घेतो, असा १८८८ साली आरोप झाला. पण लाच देणाराही गुन्हेगारच, मग साक्ष कोण देणार? गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने वचन दिलं, खरं सांगा, शिक्षा होणार नाही. मामलेदार बोलले.

क्रॉफर्ड लाचेच्या आरोपातून सुटला, मात्र हाताखालच्यांकडून कर्ज घेतल्यामुळे त्याची नोकरी गेली. मग विलायतेत ओरड झाली की लाच देणारे न्यायनिवाडा कसे करतात? १८८९ च्या कायद्याने मामलेदार खटल्यातून वाचले, तरी काहींची नोकरी गेलीच. टिळक वचनभंगाविरुद्ध मामलेदारांच्या बाजूने उभे राहिले.

विचार : ती ओरड अगदीच खोटी नव्हती. पण हा विचार वचन देण्याआधी करायचा असतो. साक्ष घेतल्यावर शब्द फिरवला, तर पुढचा माणूस तोंड उघडत नाही.

मुलांना विचारा :
१. दबावाखाली लाच देणारा आणि बढतीसाठी देणारा, दोघांना सारखीच माफी द्यावी का?
२. शिक्षा माफ झाली, तरी खुर्ची ठेवावी का?

आणि आपण स्वतःला विचारू या : "खरं सांग, मारणार नाही," असं म्हणून आपण पुढे काय करतो?