तिसरीच्या वर्गातली बाकं

या लेखावर माझं नाव नाही. छापील मजकुरात, रेडिओवर, चित्रपटात सभासदानं स्वतःची ओळख द्यायची नाही, असं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (आम्ही नुसतं एए म्हणतो) अकरावी परंपरा सांगते. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो, बावीस वर्षं प्यालो, एवढं पुरे.

पहिली चूक मीटिंगला जाण्याआधीच केली. गणपती बसले त्या दिवशी घरात जाहीर केलं, आजपासून बंद! डॉक्टरला विचारणं कमीपणाचं वाटलं. सकाळचा उतारा चुकला तसे हात थरथरू लागले, चहाची बशी धरवेना. दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या. बायकोला म्हटलं, झाडू आण. भिंत कोरी होती. पहाटे फिट आली. रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. ती एकाएकी काढून घेतली तर दोन-तीन दिवसांत फिट, भास आणि प्रसंगी मृत्यूही. तेव्हा रोज घेणाऱ्यानं आधी डॉक्टर गाठावा. मीटिंगमध्ये औषध मिळत नाही.

दवाखान्यातून सुटताना डॉक्टरांनी एएच्या मीटिंगचा पत्ता लिहून दिला. ती चिठ्ठी पाच महिने पाकिटात राहिली. शेवटी एका संध्याकाळी महापालिकेच्या त्या शाळेसमोरून स्कूटरनं तीन फेऱ्या मारल्या. ओळखीचं कोणी बघितलं तर? (सकाळी दहाला दारूच्या दुकानापुढे उभं राहताना ही भीती मला एकदाही वाटली नव्हती.)

वर्ग तिसरीचा. बाकात गुडघे अडकले, फळ्यावर सोळाचा पाढा. दहा-बाराजण होते. एकेकानं उठायचं, पहिलं नाव सांगायचं, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणायचं आणि स्वतःचं बोलायचं. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. एक रिक्षावाले होते, एक बँकेतले साहेब. आडनाव कोणी विचारलं नाही. शेवटी खर्चासाठी डबा फिरला, तेव्हा शेजारचा म्हणाला, नव्या माणसानं टाकायचं नसतं.

आणि मी काय केलं? तासभर मनातल्या मनात स्वतःची वकिली केली. हा गटारात पडला, मी नाही. त्याची बायको माहेरी गेली, माझी घरात आहे. वर ‘उच्च शक्ती’ वगैरे कानावर पडलं आणि ठरवून टाकलं, हे भजनी मंडळ दिसतंय. पुन्हा गेलो नाही. दोन वर्षांत नोकरी गेली, बायको माहेरी गेली. गटार तेवढं राहिलं होतं, तेही एका पावसाळ्यात झालं.

म्हणून सांगतो, एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा. कुठे मराठी चालते, कुठे हिंदी, कुठे इंग्रजी. पाच-सहा ठिकाणी बसून बघा. खुल्या मीटिंगला घरच्यांनाही नेता येतं, बंद मीटिंग फक्त पिणं सोडू पाहणाऱ्यांची. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा असली की झालं, फी नाही. कोणी हमखास इलाज म्हणून पैसे मागितले तर ती एए नव्हे. देवाचं म्हणाल तर मी आजही नास्तिक आहे. गटालाच उच्च शक्ती मानतो. कोणी हरकत घेतलेली नाही.

पत्ता कुठे मिळेल? व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, फोन मोफत. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र आहे. गावात गट नसेल तर ऑनलाइन मीटिंगा होतात. बायकोसाठी, आईवडिलांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे. माझी बायको तिथे माझ्याआधी पोचली, हे मला फार उशिरा कळलं.

गटारानंतर मीटिंगला परत गेलो. त्या दुसऱ्या खेपेला सात महिने कोरडा राहिलो आणि मीटिंग सोडली. आता जमलं, रोज तेच तेच काय ऐकायचं! एका लग्नात अर्धी बिअर घेतली, पंधरा दिवसांत पुन्हा क्वार्टरवर. आमच्यात याला स्लिप म्हणतात. पिण्यापेक्षा परत तोंड दाखवण्याची लाज मोठी असते, आणि माणसं मरतात ती याच लाजेपायी. मी गेलो तेव्हा रिक्षावाल्यांनी बाकावर सरकून जागा दिली आणि एवढंच विचारलं, ‘‘जेवलास का?’’ पुढे तेच माझे स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हाताशी धरणारे जुने सभासद, झाले.

तेच तेच का ऐकायचं, हे त्यांनी मला 1935 ची गोष्ट सांगून समजावलं. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल नावाचा शेअर दलाल हॉटेलात एकटा होता. दारू सोडून काही महिने झालेले, धंद्याचं काम फसलेलं, समोर बार. त्यानं फोनाफोनी करून दुसरा पिणारा शोधला. भेटले डॉ. बॉब, सर्जन. बिल बोलत बसला तो स्वतः पिऊ नये म्हणून. एएची सुरुवात तिथली. म्हणजे नवा माणूस वर्गात आला की जुन्याचं त्या दिवसाचं पिणं टळतं.

मला नऊ वर्षं झाली. मीटिंग त्याच शाळेत भरते, सोमवार आणि गुरुवार. मागच्या भिंतीला एक मोठं बाक आहे, तिथे गुडघे अडकत नाहीत. ते आम्ही रिकामं ठेवतो.