रस्त्याखालची माती व रस्त्यावरचा दगड
(अभ्यासपाठ: यशया 62:10, लूक 10:25-37)

यशया संदेष्ट्याच्या 62 व्या अध्यायांत लोकांसाठीं वाट सिद्ध करण्याची आज्ञा आहे. तींत राजमार्गास भर घालून तो उंच करणें व त्यांतील दगड वेचून काढणें, अशीं दोन कामें सांगितलीं आहेत. या वचनाचा आत्मिक अर्थ आपण पुष्कळदां ऐकितों, व तो ऐकणें योग्यच आहे. परंतु खरी वाट कशी बांधितात हें ठाऊक असल्यावांचून तो अर्थही पुरता समजत नाहीं. म्हणून या आठवड्यांत आम्ही वाचकांपुढें रस्त्याचाच धडा ठेवितों.

हा विषय लहान नव्हे. पावसाळ्यांत वस्तीपासून सडकेपर्यंतचा अर्धा कोस चिखलांत बुडाला म्हणजे अडलेल्या बाईस बाजेवर घालून न्यावें लागतें, सर्पदंश झालेल्यास वेळेवर औषध मिळत नाहीं व मुलांची शाळा बुडते. 25 डिसेंबर 2000 रोजीं आरंभिलेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनें सपाट प्रदेशांत 500 व डोंगरी आणि आदिवासी भागांत 250 लोकवस्तीच्या गांवांस जोडण्याचा हेतु धरिला. तरी त्याहून लहान वस्त्यांच्या वाटा पुष्कळ ठिकाणीं कच्च्याच आहेत. त्या सुधारण्यास लागणारें बहुतेक साहित्य आपल्या शिवारांतच आहे. कोणतें कोठें घालावें, एवढें मात्र समजलें पाहिजे.

आपल्या देशावरील काळा पाषाण सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या रसापासून झाला. तो झिजून व कुजून मुरूम झाला, आणि अधिक कुजून काळी माती झाली. तिघेही एकाच घरचे, परंतु तिघांचे स्वभाव वेगळे.

काळी माती कापसास व ज्वारीस उत्तम, परंतु रस्त्याखालीं फार वाईट. तिच्यांतील अति बारीक चिकणकण पाणी पिऊन फुगतात व वाळल्यावर आकसतात. म्हणून ती पावसाळ्यांत लोण्यासारखी होते व उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती खडी टाकिली तर खडी खालीं बुडते व चिखल वर येतो. पैसा व श्रम दोन्ही व्यर्थ जातात.

मुरूम हा या दोहोंमधील मध्यस्थ होय. त्यांत दगडाचे तुकडे असून त्यांस धरून ठेवण्यापुरती माती असते. माती मुळींच नसेल तर मुरूम उन्हाळ्यांत उडून जातो. फार असेल तर चिखल होतो. तो ओळखण्याची रीत सोपी आहे. मुरूम पिठाच्या चाळणीनें चाळून बारीक भाग पाण्यांत मळावा, डब्याच्या झांकणांत थापून सावलींत व मग उन्हांत वाळवावा. कडा सोडून वडी फार आकसली व तडकली, तर तींत काळ्या मातीचा अंश अधिक आहे असें समजावें. वडी फारशी न आकसतां घट्ट राहिली, तर मुरूम घेण्याजोगा आहे.

दगडाचीही परीक्षा करावी. चांगला काळा दगड हातोड्याखालीं खणखणतो. कुजका दगड बद्द वाजतो. ज्यांत पांढऱ्या गारेनें भरलेलीं छिद्रें पुष्कळ आहेत तो खडीस टाळावा. ओढ्यांतील वाटोळे गोटे तसेच पसरूं नयेत, कारण ते एकमेकांत अडकत नाहींत. फोडून त्यांस कोपरे आणावे. 1972 च्या दुष्काळांत ज्यांनीं खडी फोडली असे वृद्ध गांवांत असतील तर त्यांस विचारावें. दगड कसा फुटतो हें त्यांचे हात जाणतात. कोंकणांतील मंडळ्यांस काळ्या दगडाऐवजीं जांभा हाताशीं असतो. तो पायवाटेस व हलक्या गाड्यांस पुरतो, परंतु जड मोटारींखालीं त्याची तांबडी धूळ होते.

स्कॉटलंडांत 1756 सालीं जन्मलेल्या जॉन मॅकॅडम यानें रस्त्याचा भार खरोखर खालची जमीन सोशिते, आणि ती कोरडी असेल तोंवरच सोशिते, हें लोकांस पटवून दिलें. फोडलेल्या लहान, कोपरेदार खडीचा थर हें त्याच्या मतें जमिनीवरचें छप्पर होय. यावरून रस्त्याचा पहिला शत्रु गाडी नसून पाणी होय, हें ध्यानांत ठेवावें.

म्हणून कामाचा क्रम असा असावा. प्रथम दोहों बाजूंस गटारें खणून त्यांचें पाणी ओढ्यास लावावें. मग वाट शेतापेक्षां उंच करावी. मधून कडेकडे उतार ठेवावा; मातीच्या वाटेस मध्यापासून 5 फुटांवर 3 इंच उतार पुरे. त्यावर मुरूम घालून, पाणी शिंपडून थराथरानें दाबावा. खडी घालणें असेल तर ती मुरुमावर घालावी. 10 फूट रुंद व 100 फूट लांब वाटेस 6 इंच मुरूम घालण्यास 500 घनफूट, म्हणजे 5 ब्रास लागतो. दाबल्यावर थर बसतो, म्हणून थोडा अधिक आणावा.

मुरूम दूर असेल तर काळ्या मातींत वजनानें शंभरास तीन ते पांच भाग विरलेला चुना मिसळल्यानें तिचें फुगणें पुष्कळ कमी होतें. हें काम मात्र जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यानें करावें, व चुन्यापासून डोळे सांभाळावे.

आणखी एक गोष्ट. मुरूम व दगड हीं सरकारी नियमांखालील गौण खनिजें आहेत. ग्रामपंचायतीस कळवून व तहसीलदाराची परवानगी घेऊनच खणावें. चोरून आणिलेल्या मुरुमानें परोपकार होत नाहीं.

उपदेशक बंधूंनीं पावसाळ्यापूर्वीं एके दिवशीं मंडळीसह आपली वाट पायीं पाहून यावी, व पाणी कोठें तुंबतें तेथें खुंट्या ठोकाव्या. गांवांतील इतर समाजाच्या शेजाऱ्यांसही बोलवावें, कारण वाट सर्वांची आहे. यरीहोच्या वाटेवर ज्यानें जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, त्याच्या सेवेस चालण्याजोगी वाटही लागली होती.

अभ्यासासाठीं प्रश्न:
1. काळ्या मातीवर नुसती खडी कां टिकत नाहीं?
2. आपल्या शिवारांत चांगला मुरूम कोठें आहे? त्याची वडी करून पाहिली काय?
3. आपल्या वाटेनें पावसांत रुग्णास नेतां येईल काय? नसेल तर कोणती जागा प्रथम सुधारावी?