लालबुंद बाटली चिमट्यात धरूनही तडकत कशी नाही?

प्रश्न : माझा मावसभाऊ सिन्नरला काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला आहे. त्याने मोबाइलवर तिथल्या यंत्राची चित्रफीत दाखवली. साचा उघडतो, आत लालसर बाटली उभी असते, यंत्राचा चिमटा तिला मानेपाशी धरून उचलतो आणि बाजूला ठेवतो. आमच्या घरी पूर्वी कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला तरी ती तडकायची. मग ही बाटली लोखंडी चिमटा लागून तडकत कशी नाही? आणि ती अजून मऊ असेल, तर चिमट्यात दबत कशी नाही? चिमट्याला आतून काळे तुकडे बसवलेले दिसले, ते रबराचे असतात का? — एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : रबराचा प्रश्न आधी निकालात काढू. साच्यातून बाहेर पडणाऱ्या बाटलीचे तापमान साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सिअस असते. तिथे रबर टिकणार नाही, जळून जाईल. आपण पाहिलेले काळे तुकडे बहुधा ग्रॅफाइटचे असावेत. पेन्सिलीच्या शिशात असतो तोच हा कर्ब. तो तिथे का बसवतात हे कळायला आपल्या कंदिलापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण उत्तराची किल्ली आपण प्रश्नातच दिली आहे.

कंदिलाची काच तापली म्हणून कधी तडकत नव्हती. संध्याकाळभर ती तापलेलीच असायची. शिंतोडा उडाला की तेवढाच ठिपका एकदम गार व्हायचा. गार झालेली काच आकसू पाहते, पण काचेतून उष्णता फार हळू सरकते. त्यामुळे ठिपक्याभोवतालची काच गरम आणि पसरलेलीच राहते आणि ठिपक्याला आकसू देत नाही. ठिपका चहूबाजूंनी ताणला जातो. काच दाबाला चांगली टिकते, ताणाला मात्र फार कच्ची. साध्या काचेचा पृष्ठभाग १०० अंशांनी एकदम गार केला, तर त्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८०० किलो इतका ताण निर्माण होतो. रोजच्या वापरातल्या, बारीक ओरखडे पडलेल्या काचेला फुटायला याहून कमी ताणही पुरतो. म्हणूनच तयार बाटलीची चाचणी घेताना ती गरम पाण्यातून काढून गार पाण्यात बुडवतात आणि दोन्ही पाण्यांत साधारण ४२ अंशांचा फरक ठेवतात. तेवढा धक्का सोसला की बाटली पास.

तेव्हा ‘गरम काच नाजूक असते’ हा समज अर्धाच खरा आहे. काचेला भीती उष्णतेची नसते, एकाच जागी एकदम उष्णता ओढली जाण्याची असते. कारखान्यात गरम बाटली हाताळणारे प्रत्येक साधन या एकाच धोक्याला समोर ठेवून घडवलेले असते.

आता बाटलीचा प्रवास पाहू. वाळू, सोडा ॲश, चुनखडी आणि फुटक्या काचेचा चुरा १५०० अंशांच्या आसपास वितळवतात. तो रस थोडा निववून, साधारण ११५० अंशांना, यंत्राच्या कात्रीने त्याचे मोजके गोळे कापले जातात. गोळा घसरत पहिल्या साच्यात पडतो. तिथे बाटलीचे तोंड तयार होते आणि बाकीच्या अंगाला अर्धवट आकार येतो. ही कच्ची बाटली उलटून दुसऱ्या साच्यात जाते आणि तिथे हवा फुंकून तिला पूर्ण आकार देतात. हे दोन्ही साचे लोखंडाचेच असतात. मग लोखंडाला टेकूनही बाटली इथे तडकत नाही, असे का? एक तर साचे स्वतःच चारपाचशे अंशांना तापलेले असतात. दुसरे म्हणजे सगळा पृष्ठभाग एकाच वेळी गार होतो, एकच ठिपका नव्हे. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे कारण असे की त्या वेळी काच इतकी पातळ असते की तिच्यात उपजलेला ताण तिच्याच वाहण्याने विरून जातो.

साचा उघडताना ही स्थिती बदललेली असते. साधी काच ७२५ अंशांच्या आसपास आपल्याच वजनाने लवू लागते. ५५० अंशांच्या सुमारास तिच्यातला ताण काही मिनिटांत ओसरतो आणि ५१० अंशांच्या खाली गेली की ती व्यवहारात पूर्ण घट्ट होते. साच्याबाहेर येणारी बाटली या टप्प्यांच्या मधोमध कुठेतरी असते. तिची साल गार होऊन ताठ झालेली असते, म्हणून ती उभी राहते. पण आतली काच अजून बरीच गरम असते आणि ती उष्णता बाहेर येऊन सालीला पुन्हा मऊ करू पाहते. अशी काच सावकाश दिलेल्या भाराला थोडी लवते, पण क्षणभराच्या गार स्पर्शाला कडक वस्तूसारखीच वागते. ताण विरायला तिला वेळ लागतो आणि तो वेळ गार लोखंड देत नाही. अशा स्पर्शाने केसाएवढी बारीक भेग पडते. कारखान्यातली माणसे तिला ‘चेक’ म्हणतात. बाटली त्या क्षणी फुटत नाही, पुढे जाते आणि नंतर कुणाच्या तरी हातात किंवा भरणी यंत्रावर दगा देते.

आता चिमट्याकडे येऊ. तो बाटलीला पोटाशी धरत नाही, तोंडाखालच्या कड्याशी धरतो. तोंड पहिल्या साच्यातच घडलेले असते, म्हणून साऱ्या अंगात तोच भाग सर्वांत आधी गार आणि ताठ होतो. शिवाय चिमटा बाटली आवळत नाही. त्याची खाच मानेच्या गोलाईबरहुकूम असते आणि कड्याच्या आधाराने बाटली तिच्यात लोंबकळते. बाटली दबत का नाही, या आपल्या प्रश्नाचे उत्तर हेच. दाबण्याचे काम चिमटा करतच नाही, तो फक्त तोलतो.

खाचेत ग्रॅफाइट का बसवायचे? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ग्रॅफाइट उष्णता कमी वाहून नेत असेल असे आपल्याला वाटते, पण त्याच्या अनेक जाती पोलादाहूनही चांगल्या उष्णतावाहक असतात. त्याचे गुण वेगळेच आहेत. गरम काच त्याला चिकटत नाही. ते काचेपेक्षा पुष्कळ मऊ आणि अंगचेच निसरडे असल्याने ओरखडा पाडत नाही, आणि ओरखडा नसला तर काच अधिक ताण सोसते. ते तापून फारसे फुगत नाही, म्हणून खाचेचे माप बिघडत नाही. उष्णता ओढण्याचा दोष राहतो, त्यावर दोन उपाय आहेत. तुकडा लहान ठेवतात, म्हणजे स्पर्शाची जागाच थोडी राहते. आणि यंत्र चालू असले की दर काही सेकंदांनी नवी गरम बाटली येत असल्याने तुकडाही कायम तापलेला राहतो. खरा धोका यंत्र थांबून पुन्हा सुरू होताना असतो. तेव्हा साचे आणि चिमटे गार असतात, म्हणून सुरुवातीच्या बाटल्या माल म्हणून न घेता चुऱ्यात टाकून परत भट्टीला देतात. ग्रॅफाइटची अडचण अशी की तापलेल्या हवेत ते हळूहळू जळते आणि झिजते, तुकडे बदलत राहावे लागतात. म्हणून आता कर्बाच्या धाग्यांचे आणि थरावर थर दाबून केलेल्या पत्र्यांचे जास्त टिकाऊ तुकडेही वापरतात.

चिमटा बाटली सोडतो ती एका भोके असलेल्या पाटावर. त्याला डेड प्लेट म्हणतात. पण चिमटा ती लगेच टेकवत नाही. पाटाच्या वर थोडा वेळ अधांतरी धरतो आणि खालच्या भोकांतून हवा येऊन बूड ताठ करते. बूड हा बाटलीचा सर्वांत जाड आणि म्हणून सर्वांत गरम भाग. तो तसाच टेकवला तर बसेल किंवा चिकटेल. हवा इथे कामाला येते ती याच कारणाने की ती उष्णता नेते, पण हळू नेते आणि सगळीकडून सारखी नेते.

पाटावरून बाटल्या पट्ट्यावर ढकलायला बोटांसारखे फाटे असलेला हात असतो. त्याच्या बोटांनाही ग्रॅफाइटचे किंवा थरांच्या पत्र्याचे अस्तर असते. मोठ्या यंत्रावर मिनिटाला दोनशेच्या वर बाटल्या निघतात, त्यामुळे हा ढकलणारा हात गुळगुळीत वक्र गतीने फिरावा लागतो. पहिल्याच झटक्याने बाटली डगमगली तर शेजारणीला आपटेल, आणि या तापमानाला दोन बाटल्या एकमेकींना टेकल्या तर चिकटतात.

या साऱ्या साधनांत मला सर्वांत विचारपूर्वक बनवलेले वाटते ते स्टॅकर. पट्ट्यावरून एका रांगेत वाहत येणाऱ्या बाटल्या त्याला लेहर नावाच्या लांब भट्टीच्या रुंद जाळीवर आडव्या ओळीने लोटायच्या असतात. पट्टा थांबवता येत नाही, कारण मागून बाटल्या येतच असतात. म्हणून स्टॅकरचा लांब दांडा आधी पट्ट्याच्याच वेगाने बाटल्यांसोबत सरकतो, त्यांच्यामागे हलकेच टेकतो, मग त्यांना तिरके पुढे नेतो, जाळीवर आल्या की वेग उतरवतो आणि वर उचलला जाऊन परततो. टेकण्याच्या क्षणी दांडा आणि बाटली यांच्या वेगात फरकच नसला की ठोकर लागत नाही. जुन्या यंत्रांत ही गती कॅम बसवून साधत, आता संगणकावर चालणाऱ्या मोटरी ती साधतात. दांड्याच्या तोंडाला ग्रॅफाइटच्या पट्ट्या किंवा अरामिड धाग्याचे जाड नमद्यासारखे कापड लावतात. गोळी अडवणाऱ्या जाकिटात असतो तो हा धागा. असे कापड उष्णता फारच कमी ओढते, पण अतितापमानात हळूहळू करपते, म्हणून त्याला क्षणाचाच स्पर्श देतात. शिवाय पट्ट्याची पोलादी साखळी गार राहू नये म्हणून खालून गॅसच्या ज्योतीने ती तापवतात. बाटलीखालचे लोखंड मुद्दाम तापवावे लागते हे पाहून नवख्यांना आश्चर्य वाटते, आपल्याला आता वाटणार नाही.

इथे ॲस्बेस्टॉसबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. बराच काळ या सर्व जागी ॲस्बेस्टॉसच लावलेले असे. ते जळत नाही, उष्णता ओढत नाही, स्वस्त आहे. गरम काचेसाठी याहून सोयीचे काही नव्हते. पण झिजताना त्याचे अदृश्य धागे हवेत उडत आणि कामगारांच्या छातीत जाऊन बसत. कित्येक वर्षांनी त्यातून फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ ठेवण्याचे आदेश दिले. काचधंद्यात ग्रॅफाइट, अरामिड आणि नवे थरांचे पत्रे इतके का पसरले, याचे मोठे कारण बाटली नव्हे, माणूस आहे. बाटलीला हळुवार असणारी वस्तू कामगारालाही तशीच असेल, असे धरून चालता येत नाही.

यंत्रांच्या आधी हे सारे हाताने होत असे. महाराष्ट्रात पैसा फंडाच्या लोकवर्गणीतून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना उभा राहिला आणि परदेशात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे काचकाम शिकवले. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. आपल्या घरची कंदिलाची काच कदाचित ओगलेवाडीचीही असेल. हाताच्या काचकामात कारागीर नळीने फुंकून वस्तू घडवतो, ओल्या लाकडाच्या ठोकळ्यात तिला फिरवतो आणि सहकारी ती लांब दांड्याच्या फावड्यावर किंवा चिमट्यावर घेऊन निववायच्या भट्टीकडे नेतो. ओल्या लाकडाची वाफ होते आणि तीच काच व लाकूड यांच्यामध्ये गादीसारखी राहते. त्यामुळे पाणी असूनही काच तडकत नाही. अमेरिकेत हे वाहून नेण्याचे काम लहान मुलांकडून करून घेत. बाटलीचे पहिले पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ मध्ये तयार करणारे मायकेल ओवेन्स हे स्वतः दहाव्या वर्षी काचभट्टीवर कामाला लागले होते.

आता यंत्रावरच्या आपल्या बाटलीकडे परत येऊ. लेहरमध्ये ती पुन्हा साधारण ५५० अंशांपर्यंत नेतात, थोडा वेळ तिथेच ठेवतात आणि मग सावकाश उतरवतात. अर्धा ते एक तास यात जातो. आत उरलेला ताण इथे निघून जातो. पण चिमट्याने किंवा दांड्याने पडलेली भेग लेहर भरून काढत नाही, हे लक्षात घ्यावे. म्हणून लेहरनंतर प्रत्येक बाटलीवर प्रकाशाचे झोत टाकून तपासणी होते, कारण भेग असेल तर ती चमकते आणि बाटली बाजूला पडते. आपल्या श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरच्या मद्य कारखान्यातल्या भरणी यंत्रांपर्यंत किंवा एखाद्या औषधनिर्मात्यापर्यंत पोहोचणारी बाटली हे एवढे सारे पार करून आलेली असते.

शेवटी एक गोष्ट आपण घरीच तपासू शकता. औषधाची किंवा सरबताची काचेची बाटली उलटी करून बुडाच्या कडेवर बोट फिरवा. कडेला बारीक दाते किंवा ठिपके लागतील, आणि बुडाचा मधला भाग आत दबलेला दिसेल. ही नक्षी शोभेसाठी नसते. गरम बाटली पाटावर, पट्ट्यावर आणि लेहरच्या जाळीवर टेकते तेव्हा तिची पूर्ण कड लोखंडाला लागू नये, फक्त दात्यांची टोके लागावीत, यासाठी ते दाते साच्यातच कोरलेले असतात. त्यामुळे काच टोकांपुरतीच गार होते आणि टोकांपुरतीच घासली जाते. ही टोके मुख्य कडेपासून वेगळी असल्याने एखादे खरचटले तरी बाटलीला फारसा धोका होत नाही.