गच्चीचं ऊन घरात उतरू नये म्हणून

अकोल्यात घर बांधायला काढलं तेव्हा फरशीच्या रंगावरून घरात रोज वाद व्हायचे. ज्या स्लॅबवर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचं ऊन पडणार, त्याबद्दल चकार शब्द नाही. तो विषय मी लावून धरला. त्यातून हाती लागलेलं हे काही.

१. खरा जाच रात्रीचा. पाच-सहा इंची काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि काही तासांनी ते खाली सोडू लागतं. बाहेर वारं सुटलेलं असतं आणि घरात पंखा छताखालची गरम हवाच अंगावर फेकत असतो.

२. “भाऊ, कोबा टाकून राह्यलो ना, अजून काय पाह्यजे?” इति मिस्त्री. विटांच्या तुकड्यांचा कोबा पाण्याला उतार देतो, उष्णता जेमतेम अडवतो आणि वजनाला भारी. चार इंची थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. ५० मिमी जाडीचा एक्सपीएस फोमचा बोर्ड तेवढ्याच जागेत दोन किलोही भरत नाही आणि अडीच मीटर जाड काँक्रीटइतकी उष्णता रोखतो. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छताच्या यू-व्हॅल्यूची (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप) कमाल मर्यादा १.२ आहे, उघड्या स्लॅबची त्याच्या जवळपास तिप्पट भरते. बोर्ड टाकला की मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली.

३. बोर्ड स्लॅबच्या वरच हवा. खालून पीओपीचं छत केलं तर दिसायला छान, पण वरचा स्लॅब तापतो, फुगतो, रात्री आकसतो आणि चिरा पडतात. पुढचं काम पावसाळा करतो.

४. क्रम चुकवू देऊ नका. स्लॅब, उतार, वॉटरप्रूफिंग, मग पाण्याची चाचणी, मग बोर्ड, वर जिओटेक्स्टाइलचं कापड, जाळी घातलेला काँक्रीटचा पातळ थर आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक. बोर्ड उघडा ठेवला तर उन्हाने खराब होतो, वाऱ्याने उडतो ते वेगळंच. चाचणीत घाई नको. आमच्या मिस्त्रीने पन्हाळ्यांच्या तोंडात गोणपाट आणि चिकणमाती ठासली, पॅरापेटवर पेन्सिलीने पाण्याची रेघ मारली आणि तीन दिवस पाणी तसंच ठेवलं. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊनही उतरतं, म्हणून नुसत्या रेघेवर जाऊ नये; खालच्या खोलीत शिडी लावून छताला तळहात लावून पाहावा. जिन्याच्या कोपऱ्यात हाताला गारवा लागला. तेवढा भाग पुन्हा करून घेतला, पुन्हा पाणी भरलं.

५. दुकानदार थर्माकोललाही “तेच ते” म्हणतो. कोपरा मोडून बघा. थर्माकोलचे दाणे सुटतात, एक्सपीएस एकसंध राहतो आणि पाणी फारसं पीत नाही.

६. टाकी, सोलर हीटर, पॅनल, डिश यांचे ओटे आधीच बांधून घ्या. नंतर येणारा माणूस ड्रिल घेऊनच येतो.

७. जुन्या घराला एवढं जमणार नसेल तर उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा परावर्तक रंग द्या. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून अधूनमधून धुवावी लागते.

८. पांढऱ्या मोझॅकबद्दल आईची एकच तक्रार आहे: डोळे दिपतात. कुरडया उलटायला ती आता गॉगल लावून जाते.