वर्गातला पडदा आणि गुरुजींचा मोबाइल

पहिली ते आठवीच्या वर्गात तंत्रज्ञान तीन रूपांत येते. एक, सगळ्या वर्गाला एकदम दाखवायचा पडदा, म्हणजे प्रोजेक्टर किंवा भिंतीवरचा मोठा टीव्ही. दुसरे, मुलांच्या हातात जाणारे यंत्र, म्हणजे टॅब किंवा संगणक. आणि तिसरे, गुरुजींच्या खिशातला मोबाइल. बोलबाला पहिल्या दोघांचा होतो, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. रोजच्या पाठाला कामी येतो तो मात्र तिसरा, आणि त्याचे प्रशिक्षण सर्वांत कमी मिळते. तिन्हींची पथ्ये वेगळी आहेत. ती एकत्र कालवली की पैसे खर्च होतात आणि पाठ जागच्या जागी राहतो.

भंडारा तालुक्यातील शहापूरचे उदाहरण घेऊ. हे गाव नागपूर-भंडारा महामार्गावर आहे. गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. तरी भोवतालचा मुलूख धानाचाच, आणि जिल्हा परिषद शाळांचे वेळापत्रक ऊन, पाऊस आणि रोवणी यांच्याशी बांधलेले. डिजिटल शाळांच्या चर्चेत ‘शहापूर’ हे नाव वारंवार येते, पण ते बहुधा ठाणे जिल्ह्यातले. त्या तालुक्यातील पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या कामामुळे राज्यभर ओळखली गेली आणि ती पाहायला दूरदूरचे शिक्षक गेले. पाहून आलेल्यांनी यंत्रांची यादी उतरवून आणली. यंत्राआधी पाठावर झालेले काम यादीत उतरत नाही.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची लाट आली. गावाने उत्साहाने पैसे दिले. वर्गणी यंत्रापुरती जमली. वीजबिल, प्रोजेक्टरचा दिवा बदलणे आणि दुरुस्ती यांचा हिशोब कुणी मांडला नव्हता. बिल थकल्याने शाळेची जोडणी तोडल्याच्या बातम्या राज्यात अनेकदा आल्या. तेव्हा पहिले पथ्य पैशाचे. यंत्र घेण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात दोन ओळी लिहून घ्याव्यात: बिल कोणत्या रकमेतून भरायचे आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी किती बाजूला ठेवायचे. सादिल अनुदान खडू-फळ्यालाच पुरत नसेल, तर ते प्रोजेक्टरला पुरेल हे गृहीत धरू नये.

विजेच्या प्रश्नाबरोबर उन्हाचा प्रश्न येतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस भरतात आणि उन्हाळ्यात सकाळच्या होतात. कौलांच्या फटींतून आणि उघड्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात साधा प्रोजेक्टर फिका पडतो. खिडक्या लावल्या तर चाळीस मुले घामाने बेजार होतात. अशा खोलीत टीव्ही बरा. दिव्याचा जुन्या पद्धतीचा प्रोजेक्टर असेल तर आणखी एक खबरदारी लागते. तो बंद केल्यावर आतला पंखा काही वेळ फिरत राहून दिवा थंड करतो. भारनियमनात वीज एकाएकी गेली की हे थंड होणे राहून जाते, आणि असे वारंवार झाले तर दिवा लवकर जातो. अशा प्रोजेक्टरला छोटा यूपीएस जोडणे ही चैन नव्हे. दाखवायचे ते आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावे. वर्ग भरल्यावर रेंज शोधत बसलेला शिक्षक दहा मिनिटे घालवतो आणि त्या दहा मिनिटांत वर्ग हातचा जातो.

पडद्याच्या बाबतीत सर्वांत महाग पडते ती वर्गातली शांतता. चलचित्र लावले की मुले गप्प बसतात, आणि गप्प बसलेला वर्ग शिकतो आहे असे वाटू लागते. तास संपल्यावर विचारले तर त्यांना गाणे आठवते, रंग आठवतात, कोल्ह्याचा आवाज आठवतो. हातच्याची बेरीज आठवत नाही. म्हणून चित्रफीत लावण्याआधी फळ्यावर एक प्रश्न लिहावा, तीन-चार मिनिटांचा तुकडा दाखवून थांबावे, उत्तर वहीत लिहून घ्यावे, मग हवे असेल तर तोच तुकडा पुन्हा लावावा. शिक्षकाने तो आवाजासह, शेवटपर्यंत, आधी स्वतः पाहिलेला असावा. नुसते शीर्षक पाहून लावलेली फीत कितीदा तरी हिंदी निघते, किंवा तिच्यातली मराठी इतकी पुस्तकी असते की झाडीबोलीत वाढलेले दुसरीतले मूल अर्ध्यावर सोडून देते. आवाज बंद करून चित्र दाखवावे आणि बोलावे शिक्षकाने, हा उपाय बिनखर्चाचा आहे. तो फारसा वापरला जात नाही. यंत्र बोलत असताना आपण बोललो तर यंत्राचा अपमान होतो, असे काहींना वाटत असावे.

पडदा कुठे हवा आणि कुठे नको, हे ठरवायला भंडारा जिल्ह्यातच दोन चांगली उदाहरणे आहेत. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडाऱ्याजवळून वाहते, पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. पवनी तालुक्यात तिच्यावर गोसीखुर्दचे धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. सातवी-आठवीच्या मुलांना हा भूगोल फळ्यावरच्या रेघेने कळतो, पण पुरा कळत नाही. गुगल अर्थवर १९८४ पासूनची उपग्रहचित्रे वर्षांच्या क्रमाने पाहता येतात. ती सरकवत नेली की अरुंद पात्र हळूहळू फुगते, काठची शेते आणि गावठाणे पाण्याखाली जातात, आणि ज्यांच्या नात्यातले कुणी पुनर्वसित गावठाणात राहते अशी मुले आपणहून बोलू लागतात. तीस-चाळीस वर्षांचा बदल दोन मिनिटांत दाखवणे खडूला जमत नाही. इथे पडदा आणलाच पाहिजे. आणि त्यानंतर मुलांनी नकाशा वहीत काढलाच पाहिजे; नाहीतर तीही एक चित्रफीतच होते.

आता उलटे उदाहरण. बीज रुजण्याचे चलचित्र जुलैमध्ये शहापूरच्या आसपासच्या शाळेत दाखवणे म्हणजे विजेचा अपव्यय. शाळेच्या कुंपणाबाहेर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उगवलेले असतात, मुले घरी रोवणीच्या गप्पा ऐकून येतात. धानाचे दाणे ओल्या फडक्यात बांधून वर्गाच्या कोपऱ्यात ठेवले तर दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. हात लावता येतो, मोजता येते, वास घेता येतो. तिसरीच्या परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळे असते, ते याच हेतूने: आधी आपला तलाव, आपले शेत, आपला रस्ता. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, चालत जाऊन पाहता येत असेल तर त्याचे चित्र पडद्यावर आणायचे कारण उरत नाही. कोन, प्रमाण, आलेख यांसाठी मात्र जिओजेब्रासारखी मोफत आज्ञावली इंटरनेटच्या जाळ्याविना चालते आणि सहावीनंतर खरोखर उपयोगी पडते, कारण त्रिकोणाचा शिरोबिंदू सरकवला तरी कोनांची बेरीज तीच राहते, हे मुलांना पाहता येते.

मुलांच्या हातात यंत्र देण्याविषयी जगाचा अनुभव सावध करणारा आहे. पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले: गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला नव्हता. शेजारच्या गुजरातचे दोन प्रयोग अधिक शिकवतात. वडोदऱ्याच्या पालिका शाळांत चौथीची मुले एका संगणकावर दोघे बसून आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळत. त्यांचे गणित स्पष्टपणे सुधारले. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा लाभ ओसरला. दुसरा प्रयोग ज्ञानशाळा संस्थेच्या वर्गांतला. तिथे शिक्षकाच्या तासाच्या जागी संगणक आला तेव्हा मुले मागे पडली; तोच संगणक तासाव्यतिरिक्त, जादा सरावासाठी वापरला तेव्हा फायदा झाला. टॅब आले म्हणून शिकवण्याचा तास कापू नये. सरावाचा, मागे पडलेल्या मुलांचा वेळ त्यांना द्यावा. दोघांत एक टॅब असला तर बिघडत नाही, उलट दोघे बोलतात. मात्र कोण धरणार हे आळीपाळीने ठरवून द्यावे, नाहीतर तो वर्गातल्या धीट मुलाकडेच राहतो आणि मुली मागून पाहत राहतात.

आता मोबाइल. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा मंचावर त्यातून पाठाचे साहित्य उघडते. कोड नीट वाचला जात नसेल तर त्याखालची अक्षरे टंकूनही चालते. पण प्राथमिक वर्गांत मोबाइलचा सर्वांत चांगला उपयोग दाखवण्यात नाही, ऐकण्यात आहे. पहिली ते तिसरीतल्या मुलाचे एक मिनिटाचे वाचन ध्वनिमुद्रित करावे, त्यालाच ऐकवावे, महिन्याने पुन्हा करावे. कुठे अडखळले ते मूल स्वतः सांगते, पालकसभेत प्रगतिपत्रकापेक्षा हे मुद्रण जास्त बोलते, आणि यासाठी जाळे लागत नाही. ही मुद्रणे आणि मुलांची छायाचित्रे गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सर्व मुले बालक मानली आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. कायदा नसता तरी अडखळत वाचणाऱ्या मुलाचा आवाज गावभर फिरवणे बरे नव्हेच.

हाच मोबाइल शासनाच्या कामातही अडकलेला असतो. पोषण आहाराची नोंद, सरल पोर्टलची माहिती, छायाचित्रे, दुवे, तातडीचे तक्ते. शिक्षक वर्गात मोबाइल पाहत असेल तर तो बहुधा शाळेचेच काम करत असतो, पण समोरच्या मुलाला ते कळत नाही. पोर्टलच्या कामाला दिवसातली एक ठरावीक वेळ, शक्यतो मधल्या सुट्टीनंतरची पंधरा मिनिटे, नेमून द्यावी आणि मुख्याध्यापकांनी ती पाळू द्यावी.

घरच्या मोबाइलवर तर अजिबात विसंबू नये. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका पहिली ते आठवीसाठी सुरू झाली. महिना रोवणीचा. धानपट्ट्यात त्या दिवसांत आई-बाप भल्या पहाटे बांधीत असतात, आणि घरातला एकुलता मोबाइल बापाच्या खिशात. अशा घरात टीव्ही कामाला येतो, ऑनलाइन तास येत नाही. आजही गृहपाठ मोबाइलवर पाठवण्याची सवय आहे. तो वहीत लिहून द्यावा, मोबाइलवर त्याची प्रत पाठवावी.

शेवटची बाब हस्तांतराची. यंत्र चालवणारा उत्साही शिक्षक बहुधा एकच असतो, आणि त्याची बदली झाली की परवलीचे शब्द, फायली आणि कोणती तार कुठे लावायची हे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. नवा शिक्षक वर्षभर यंत्राला हात लावत नाही, दुसऱ्या वर्षी ते चालत नाही. जडवस्तू नोंदवहीत यंत्राची किंमत लिहिलेली असते, हमीची मुदत आणि दुरुस्ती करणाऱ्याचा क्रमांक नसतो. ही दोन्ही तिथे लिहावीत. परवलीचे शब्द मुख्याध्यापकांकडे पाकिटात असावेत. सातवी-आठवीच्या दोन मुली आणि दोन मुले यांना यंत्र सुरू-बंद करणे, जाळी पुसणे, झाकण घालणे शिकवून ठेवावे आणि दरवर्षी त्यांनीच पुढच्यांना शिकवावे. बदलीचा आदेश आला की कार्यमुक्तीच्या आधी जुन्या-नव्या शिक्षकांनी एक पाठ एकत्र घ्यावा. नवा शिक्षक अजून आलेला नसेल तर शेजारच्या वर्गाच्या बाईंना तो दाखवून ठेवावा.